सांध्याची बासरी

वर्षातून एकदा, दहीकाल्याच्या दुपारी, मी चारचौघांत बासरी वाजवतो. एकच गौळण. ती संपली की पुन्हा वर्षभर मी खांबाआडचा माणूस. भजन मंडळात माझी जागा पखवाजाच्या मागे आहे. तिथून मी बुवांना दिसत नाही, आणि मला ते बरं वाटतं. मी काही वादक नव्हे. पनवेलमधल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझी नोकरी झाली. बासरीसुद्धा मी आधी पुस्तकात वाचली आणि मग फुंकली. अजूनही स्वर बरोबर लागला तर मला वाटतं, चुकून लागला असेल.

म्हणून आषाढातल्या सभेत माझ्या तोंडून "नाही" हा शब्द बाहेर पडला, तेव्हा कोण बोललं म्हणून सगळ्यांबरोबर मीही इकडेतिकडे पाहिलं.

बोलत होते विनायकबुवा. भजन मंडळाचे बुवा तेच आणि देवस्थान समितीचे अध्यक्षही तेच. गळा गोड आणि बांधकामाचा धंदा मोठा, त्यामुळे त्यांचं म्हणणं सहसा एका बैठकीत मंजूर होतं. ते म्हणाले, "यंदा गौळणीला आपला प्रणित कीबोर्डवर बासरी देईल. टोन एकदम ओरिजिनल आहे, डोळे मिटले तर कळणार नाही. देवाच्या हातात वेळूचीच बासरी राहील, सोनेरी रंगाची, गोंडे लावलेली. मी ऑर्डर दिलीय. मागच्या वर्षीसारखी फजिती नको."

"नाही," मी म्हणालो.

"काय नाही, गणूभाऊ?"

शब्द तोंडातून गेला होता आणि त्याच्या मागून दुसरा आला. "हातातली एक आणि वाजणारी दुसरी, असं नाही. हातातलीच वाजली पाहिजे. आपल्याकडे तसंच आहे."

"तसंच होतं," विनायकबुवा हसले. "बरं, आणा तुम्ही बासरी. पण गौळणीच्या मध्ये फुटली तर पुढं मी ऐकणार नाही. काय मंडळी?"

मंडळी हसली. माझी बाजू घ्यायला कोणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी स्वतःही पूर्णपणे माझ्या बाजूला नव्हतो.

मागच्या वर्षीची फजिती म्हणजे काय ते सांगतो. आमच्या गावची रीत अशी : काल्याच्या दिवशी सकाळी मुरलीधराला पंचामृताचा अभिषेक होतो, आणि देवाबरोबर त्याची नवी बासरीही दूध, दही, तूप, मध, साखरेने न्हाते. मग शुद्ध पाणी. दुपारी त्याच बासरीवर गौळण वाजते आणि ती देवाच्या मुठींतून ओवली जाते. मुठी दगडात आरपार कोरलेल्या आहेत. बासरी मुठीत गेल्याशिवाय हंडी फुटत नाही. पुढच्या काल्यापर्यंत ती तिथंच राहते.

दह्यात बुडवलेली वेळूची बासरी टिकत नाही, हे कुणीही सांगेल. पूर्वी ती टिकायची गरजच नव्हती. जुन्या गावात देवळामागे वेळूचं बेट होतं. माझा चुलतभाऊ काशीरामदादा श्रावणात त्यातला एक वेळू निवडायचा, त्यातून चारपाच बासऱ्या करायचा, आणि न्हाऊ घातल्यावर जी सुरात राहील ती देवाची. उरलेल्या पोरं पळवायची. दादा मिठागरात काम करणारा माणूस, पण गौळणीपुरती बासरी त्याच्या हाताला येत होती. त्याच्या मागे ती माझ्याकडे आली, कारण दुसऱ्या कुणाला नको होती.

मग विमानतळासाठी गाव उठलं. सगळे नव्या जागी आले. मी त्याआधीच नवीन पनवेलला सेक्टरमध्ये राहायला गेलो होतो. देव आला, घंटा आली, समई आली. वेळूचं बेट मात्र भरावाखाली गेलं. नव्या देवळाला संगमरवर आहे, आणि देवाला उकडू नये म्हणून एसी आहे. तेव्हापासून मी दरवर्षी दुकानातून बासरी आणतो. एका वर्षी ती फुगली आणि तिचा सूर गेला. दुसऱ्या वर्षी बुचामागे दही राहिलं, आणि मी ओठ लावले तेव्हा मला ढवळून आलं. मागच्या वर्षी सकाळी न्हालेली बासरी एसीखाली भराभर सुकली आणि गौळणीच्या दुसऱ्या कडव्यात टक्‌ करून उभी चिरली. ती गौळण म्हणत होत्या चंद्रावतीवयनी, काशीरामदादाच्या बायको. त्या तशाच पुढे गात राहिल्या. मी हातातली फुटकी बासरी घेऊन बसलो होतो, आणि मागे कोणीतरी शिट्टी वाजवली.

सभेनंतर घरी आल्यावर शशिकलेला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"तुम्ही? सभेत बोललात?"

"हो."

"विनायकबुवांसमोर?"

"हो ना."

"मग आता काय करणार?"

"तेच तर कळत नाही."

"बोलायच्या आधी कळायला हवं होतं," ती म्हणाली. मग भाजीचं ताट बाजूला सरकवून म्हणाली, "पण बोललात ते बरं केलंत."

मी विचार करायला बसलो, आणि विचार करायला बसलो की मी वाचतो. जिथं सतत पाऊस आणि थंडी असते अशा परमुलखांतही लोकसंगीत वाजवणारी माणसं आहेत. त्यांच्या लाकडी बासऱ्या तडकतात, म्हणून तिथले कारागीर एका कठीण कृत्रिम द्रव्याच्या बासऱ्या कातून करतात. घाट लाकडी बासरीचाच, रंगही लाकडाचा, भोकं सहा आणि उघडी, चावी एकही नाही. तेल लागत नाही, हवा लागत नाही. काही जाणते वादकही प्रवासात तीच घेतात म्हणे. वाचून मला आनंद झाला आणि लगेच संकोच वाटला. म्हणजे प्लास्टिकच की! देवाच्या हातात?

दोन दिवस तो विचार मी बाजूला ठेवला. तिसऱ्या दिवशी नव्या गावात जाऊन, देवळात कोणी नसताना, मुठीतली मागच्या वर्षीची फुटकी बासरी तेवढ्यापुरती काढून, कागदाची सुरळी देवाच्या मुठीत घालून पाहिली. सुरळी जिथं घट्ट बसली तिथं पेनाने खूण केली. पुजारी आत आला आणि म्हणाला, "काका, काय शोधताय?" मी म्हणालो, "काही नाही, धूळ होती." ती सुरळी खिशात घालून मी जुन्या पनवेलमधल्या कुंदनच्या दुकानात गेलो. कुंदन हार्मोनियम दुरुस्त करतो आणि बासऱ्या विकतो. हसतमुख मुलगा आहे, पण बोलतो फार.

"या काका! यंदा कुठली फोडायची?"

"न फुटणारी हवी."

त्याने आधी पांढऱ्या पाइपाची बासरी काढली. नळाच्या पाइपाची, भोकं पाडलेली. वाजत होती बरी, पण देवाच्या हातात ती दिली असती तर देव नळ दुरुस्त करायला आल्यासारखा दिसला असता. मग धातूची काढली. एसीत ओठांना गार लागली असती आणि तापलेल्या दुपारी चढली असती. मग मी घसा साफ करून विचारलं, ती लाकडासारखी, कृत्रिम द्रव्याची, सांध्याची मिळते का?

कुंदन थांबला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"वाचलं."

तो आत गेला आणि एक पेटी घेऊन आला. कुणासाठी तरी मागवलेली, मग त्या गृहस्थांनी घेतलीच नाही. पेटीत दोन तुकडे होते. डोक्याचा तुकडा जाड, अंगाचा तुकडा खाली निमुळता होत गेलेला, अगदी टोकाशी मात्र जाड कडं. शिसवीचा रंग, हाताला गुळगुळीत, वजनदार. मी ते दोन तुकडे जोडले. सांधा आत-बाहेर सरकत होता.

"हा कशाला सरकतो?"

"पट्टी जुळवायला. बाहेर ओढा, सूर उतरतो. आत ढकला, चढतो. थोडासाच, पण पुरतो. वेळूत ही सोय नाही, काका. वेळू म्हणतो, मी आहे असा आहे, तू जुळवून घे."

"ही पाण्यात बुडवली तर?"

"काही होत नाही. पण बुडवायची कशाला?"

"दुधात बुडवायची."

"दुधात?"

"आणि दह्यात. तुपात. मधात."

कुंदनने माझ्याकडे नीट पाहिलं. "साखर घालणार का?"

"घालणार."

तो एवढा हसला की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावला. मग मी रीत सांगितली आणि तो हसायचा थांबला. त्याने स्वतःहून डोक्यातलं बूच काढून दाखवलं. ते आटे फिरवून निघत होतं, म्हणजे मागे दही अडकलं तरी धुता येणार होतं. मी खिशातली सुरळी काढली. डोक्याचा तुकडा खुणेपेक्षा जाड होता, पण अंगाचा निमुळता तुकडा टोकाच्या कड्यापर्यंत आत गेला. म्हणजे अंग मुठींतून ओवायचं आणि मग बाहेरून डोकं जोडायचं. एका तुकड्याची बासरी एवढी खालच्या सुराची असती तर जाडीमुळे देवाच्या मुठीत गेलीच नसती. आणि मला खालचा सूर हवा होता. चंद्रावतीवयनींचा आवाज वयाबरोबर उतरला आहे. अलीकडे तो पेटीवरच्या काळी एकच्या जरा खाली, दोन पट्ट्यांच्या फटीत कुठेतरी बसतो.

"वाजवून बघा," कुंदन म्हणाला.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मी फुंकलं तर नुसती हवा आली. पुन्हा फुंकलं. कुंदनने गिऱ्हाइकांना उगाच एक तबला दाखवायला सुरुवात केली, पाठ वळवून. तेव्हा स्वर लागला. वेळूच्या स्वराभोवती जो किंचित वारा सुटतो तो हिच्यात नव्हता. स्वर जरा जास्त नेटका होता, नुकत्याच दाढी केलेल्या माणसासारखा. पण तळाचा सूर भरून येत होता, आणि बोटं उघड्या भोकांवरून घसरवता येत होती. एकावरून दुसऱ्यावर जाताना मींड तुटत नव्हती. गौळणीला तेवढं हवं.

मी ती घेतली. बाहेर पडल्यावर लगेच वाटलं, चूक केली. रिक्षात बसल्यावर पुन्हा वाटलं, नाही केली.

घरी शशिकलेने पंचामृत केलं, मी मागेच लागलो म्हणून. बासरी परातीत बुडवून सकाळपर्यंत ठेवली. मग पाण्याने धुतली आणि फ्रीजमध्ये ठेवली, कारण आमच्याकडे एसी नाही. दुपारी शशिकलेची हाक आली, "कोथिंबिरीवर बासरी कोणी ठेवली?" मी काढली, फुंकली. सूर जसाच्या तसा. फक्त खालच्या भोकाला तुपाचा थेंब राहिला होता. कोमट पाण्याने तोही गेला.

"हे परातीतलं काय करू?" तिने विचारलं. "तीर्थ म्हणून घ्यायचं की झाडाला घालायचं?"

"आधी देवाला दाखवलेलं नाही. झाडाला."

"आणि मी काय म्हणते," ती बासरी हातात फिरवत म्हणाली, "लाकडासारखी दिसते हो. सांगूच नका कोणाला. शिसवीची आहे म्हणा, किंवा काहीच म्हणू नका. तुम्हाला न बोलणं छान जमतं."

हे तिने चेष्टेने म्हटलं, पण सल्ला खरा होता. मला तो फार आवडला. मी आयुष्यभर न बोलून पुष्कळ गोष्टी निभावल्या आहेत. पण मग वाटलं, कीबोर्डची बासरी डोळे मिटून खरी आणि माझी डोळे उघडून खरी, तर मग बुवांत आणि माझ्यात फरक काय राहिला? एका माणसाला तरी आधी सांगायला हवं होतं, आणि त्या माणसाचीच मला सगळ्यात जास्त भीती होती.

चंद्रावतीवयनी नव्या गावात नातवाच्या घरी राहतात. मी गेलो तेव्हा ओट्यावर बसून जवळा निवडत होत्या.

"ये रं गणू. बस. काय आनलंस?"

मी पेटी उघडली. त्यांनी हात पदराला पुसले आणि दोन्ही तुकडे पाहिले. काशीरामदादाच्या बासऱ्या त्यांनी आयुष्यभर पाहिल्या होत्या. मी पटकन सांगून टाकलं, "वयनी, ही वेळूची नाही. लाकडाचीही नाही. प्लास्टिकच्या जातीचं काहीतरी आहे. दह्यादुधात टिकते. तुम्हाला चालत नसेल तर मी परत करतो. दादाच्या जागी ही..."

"थांब जरा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी तोंडात बोट घालून वरची कवळी काढली आणि बासरीशेजारी पेटीत ठेवली. बोळक्या तोंडाने म्हणाल्या, "हे कशाचं हाय?"

मी कवळीकडे पाहिलं.

त्यांनी कवळी पुन्हा बसवली. "या दातांनी मी देवाचं नाव घेतंय. देव बोल्ला का कवा, चंद्रावती, ते खोटं आदी थूक, मंग गा? तुझा दादा काय वेळूची पूजा करायचा? बेट होतं मागं, म्हनून वेळू. बेट नाय, तर आता काय भराव खनायला जातंस?"

"विनायकबुवा म्हणतील, प्रथा मोडली."

"त्याला प्रथेचं काय! त्याचा बाप भजनात झोपायचा." त्यांनी जवळ्याचं सूप पुढे ओढलं. "वाजव."

मी वाजवलं. त्यांनी हळूच सूर धरला, आणि मी सांधा बाहेर ओढत त्यांच्या सुरापाशी आलो. दोन्ही आवाज एकमेकांना चिकटले तेव्हा त्या गायच्या थांबल्या आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "पेटीवाल्यांनी मला दोन वर्स वर खेचलंय. जीव जातो माझा. तू हितंच ऱ्हा."

दहीकाल्याच्या सकाळी पाऊस थांबून थांबून पडत होता. देवळाबाहेर गोविंदांचा डीजे लागला होता. आत ताम्हणात विनायकबुवांची सोनेरी बासरी ठेवलेली होती, गोंड्यांसकट. मी माझी बासरी तिच्या शेजारी ठेवली. ताम्हण खणकन वाजलं.

विनायकबुवांनी बासरी उचलली आणि त्यांचा चेहरा खुलला. "वा, गणूभाऊ! शिसवी? हे काम झालं. अशी आणायची होती तर सभेत सांगायचं ना. ही जातिवंत वस्तू आहे."

सगळे बघायला आले. मला फक्त गप्प राहायचं होतं. बुवा स्वतः म्हणत होते. शशिकला बायकांत उभी होती. तिने मान खाली घातली, मी काय करणार हे तिला कळलं असावं.

"नाही," मी म्हणालो. "शिसवी नाही. कृत्रिम आहे. प्लास्टिकच्या जातीची."

बुवांनी बासरी ताम्हणात टाकली नाही, पण ठेवली ती दोन बोटांनी. "देवाला प्लास्टिक?"

"हो."

"गणूभाऊ, तुम्ही शिकलेली माणसं. प्रथा म्हणजे काय? दरवर्षी नवी आणि वेळूची."

"आणि न्हालेली, आणि वाजणारी," मी म्हणालो. माझा आवाज चिरकत होता, पण थांबत नव्हता. "बेट होतं तोवर हे सगळं एकत्र जमत होतं. आता जमत नाही. वेळू धरला तर आवाज सोडावा लागतो. आवाज धरला तर वेळू. तुम्ही वेळू धरलात. मी आवाज धरला. माझंच बरोबर असेल असं मी म्हणत नाही. पण मी ही उचलणार नाही."

"मी उचलतो."

"उचला. मी पुन्हा ठेवीन."

एवढं बोलल्यावर मला खाली बसावंसं वाटत होतं. पण मी ताम्हणापाशी उभा राहिलो. पुजारी दुधाचा तांब्या घेऊन बुवांकडे, मग माझ्याकडे बघत होता. शेवटी बुवा हसले, सभेत हसले होते तसेच. "घाला हो दोन्हींना आंघोळ. हातात कुठली जाते ते दुपारी बघू."

दोन्ही बासऱ्या न्हाल्या. सोनेरी बासरीचा रंग दह्यात उतरला आणि ताम्हणातलं पंचामृत पिवळं पडलं. पुजाऱ्याने ते तीर्थ वाटायचं की नाही, हे विचारायचं टाळलं.

भजन उभं राहिलं. मी खांबाआड बसलो. बुवा खरंच सुंदर गायले, ते कबूल केलं पाहिजे. मग गौळण आली. प्रणितने कीबोर्ड पुढे ओढला. चंद्रावतीवयनींना दोघींनी धरून आणलं आणि पाट दिला. त्यांनी डोळे मिटले आणि स्वतःच्या सुरात पहिली ओळ उचलली.

कीबोर्डची बासरी वाजली. ती गोडच होती. पण ती वयनींच्या शेजारून चालली होती, त्यांच्याबरोबर नाही. प्रणितने एक बटण दाबलं, सूर खाली गेला, जरा जास्तच. पुन्हा दाबलं, वर. तो वाईट वादक नाही. वयनींचा सूर त्याच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये होता, एवढंच. तो हळूच म्हणाला, "आजी, थोडंसं वर घ्या ना."

वयनी थांबल्या. "वर गेले की मी परत येनार नाय रं," त्या म्हणाल्या, आणि सगळं देऊळ हसलं. मग त्यांनी डोळे न उघडता खांबाच्या दिशेने मान वळवली. "गणू. कुटं लपलायस? धर."

मी उठलो. देवापाशी जायला पखवाजवाल्याला ओलांडून जावं लागतं. त्याने पाय जवळ घेतले. ताम्हणातून बासरी उचलली, धोतराच्या टोकाने पुसली. विनायकबुवा म्हणाले, "गणूभाऊ, समितीचा निर्णय..."

"झाला असेल," मी म्हणालो, आणि फुंकलं.

पहिला स्वर फुटला. हवाच आली, दुकानात आली होती तशी. मागे कोणीतरी खोकलं. मागच्या वर्षीची शिट्टी आठवली. मी सांधा थोडा ओढला, पुन्हा फुंकलं, आणि स्वर लागला. वयनींनी ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली. मी त्यांच्याखाली राहिलो, मग बरोबर, मग त्या दमल्या तिथं जरा पुढे गेलो आणि त्यांना श्वास घेऊ दिला. अंतऱ्यात एक बोट चुकलं. मी ते चुकलेलं तसंच सोडून पुढे गेलो. एरवी मी थांबून माफी मागितली असती. एसी चालू होता, बासरी ओली होती, आणि ती चिरली नाही. पखवाज आपोआप हलका झाला. बाहेरचा डीजे बंद झाला. पावसामुळे असेल, मी त्याचं श्रेय घेत नाही.

गौळण संपली तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गौळणीला वाजवत नाहीत. फक्त सगळे देवाकडे बघायला लागले, कारण आता बासरी मुठीत जायची होती, आणि ती नेहमी अध्यक्ष ठेवतात.

विनायकबुवा उठले. त्यांच्या हातात सोनेरी बासरी होती, रंग उतरून चट्ट्यांची झालेली. त्यांनी ती देवाच्या मुठीशी नेली. मध अजून चिकट होता, एक गोंडा भोकात अडकला, आणि बासरी मुठीत निम्म्यावर थांबली. बाहेर गोविंदा ओरडत होते, "अहो लवकर! थर लावू का?"

"बुवा," मी म्हणालो, "सरका."

असं मी आयुष्यात कुणाला म्हटलेलं नाही. ते का सरकले मला माहीत नाही. कदाचित धक्का बसून. मी त्यांची बासरी काढून त्यांच्याच हातात दिली, नीट, दोन्ही हातांनी. मग माझ्या बासरीचा सांधा सोडवला. निमुळतं अंग एका मुठीतून ओवलं, दुसऱ्या मुठीतून बाहेर काढलं, आणि पलीकडून डोक्याचा तुकडा चढवला. पूर्ण आत दाबून फिरवला, तसा सांधा घट्ट धरला. बासरी देवाच्या ओठांखाली आडवी बसली. शिसवीच्या रंगाची. हवेत तुपाचा वास होता.

"गोविंदा आला!" कोणीतरी ओरडलं, आणि देऊळ रिकामं झालं.

विनायकबुवा मागे थांबले. त्यांनी बासरीला हात लावला आणि हळूच ओढून पाहिली. डोकं मुठीतून जात नाही, आणि अंग डोक्याला धरून होतं. दुसऱ्या बाजूने ओढली. टोकाचं कडं मुठीला अडलं, हलली नाही. ते रागावलेले होते, पण कुतूहलही होतं. बांधकामातला माणूस आहे, जोड दिसला की बघतोच.

"काढायची कशी?"

"काढायची कशाला?"

"पुढच्या वर्षी समिती ठरवेल काय ते."

"ठरवा," मी म्हणालो. "काढायची ठरली तर मला बोलवा. आधी आत दाबून मग फिरवावा लागतो सांधा. उगाच जोर लावलात तर देवाचं बोट जाईल, बासरीला काही होणार नाही."

ते आपली सोनेरी बासरी घेऊन बाहेर गेले. वयनी पाटावरच बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला, मी धरून उठवलं. "जरा वरच वाजवलंस शेवटी," त्या म्हणाल्या.

"हो का?"

"मग काय तर. पुढल्या वर्सी अजून खाली ये. माझा गला तवर आनखी उतरंल."

मी म्हणालो, येईन. सांधा अजून बराच बाहेर येतो.